पाऊलवाट आणि नगररचना : करंजाच्या संदर्भात नवी मुंबईच्या आराखड्याचे परीक्षण

नगररचनेविषयीच्या लेखनात 'जोडणे' हे क्रियापद अलीकडे फार सढळ हाताने वापरले जाते. पूल दोन किनारे जोडतो, लोहमार्ग दोन उपनगरे जोडतो, महामार्ग बंदराला देशाशी जोडतो, अशी विधाने शासकीय अहवालांत आणि वृत्तपत्रांत नित्य आढळतात. आणि ती वस्तुतः खोटीही नसतात. परंतु जोडले जाते ते नेमके काय, भूभाग की त्यावर वसलेली माणसे, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. दोन वस्त्यांमधून जाणारा मार्ग त्या वस्त्यांना जवळ आणीलच अशी निश्चिती नसते. पुष्कळदा तोच त्यांच्यामधील भिंत होऊन बसतो. या प्रश्नाचा निर्णय चालणाऱ्या माणसाच्या अनुभवावर सोपवावा लागतो, कारण वेगाने जाणाऱ्यास अंतर जाणवत नाही आणि अडथळाही जाणवत नाही. नवी मुंबईच्या आराखड्याचे परीक्षण या कसोटीवर फारसे झालेले नाही. ते करावयाचे तर आराखड्याच्या केंद्रापेक्षा त्याच्या कडेला असलेले गाव अधिक उपयोगी पडते. करंजा हे असे गाव होय.

उरण तालुक्यात, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी आणि धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले करंजा आज मासेमारीचे बंदर म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु एके काळी हे नाव एका गावाचे नसून उरणसह सबंध बेटाचे होते. पोर्तुगीज कागदपत्रांत आणि इंग्रजांच्या पत्रव्यवहारात 'करंजा' म्हणून जे येते ते हे बेट. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीबरोबर ते घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. पुढे उरण हा पनवेल तालुक्याचा महाल होता, आणि म्हणून जुन्या दप्तरांत करंजाचा शोध पनवेलच्या नावाखाली घ्यावा लागतो. मुंबईची सात बेटे एकमेकांना जोडली गेली ती बांधांनी आणि सेतुमार्गांनी. माहीमचा सेतुमार्ग १८४५ मध्ये लेडी आवाबाई जमशेटजी यांच्या देणगीतून खुला झाला, आणि तो मुख्यतः पायी जाणाऱ्यांच्या व गाड्यांच्या उपयोगाचा होता. करंजा बेटाची कथा याहून फारशी वेगळी नाही. तथापि येथे सेतु बांधणारा कोणी दाता नव्हता. मिठागरे आणि भातखाचरे यांच्यासाठी समुद्राला अडविणारे जे बांध घातले गेले, त्यांच्यावरूनच माणसे चालू लागली.

ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटते, परंतु सर्व विवेचनाची किल्ली तिच्यात आहे. खारभूमीतील बांध हा वाट म्हणून बांधलेला नसतो. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून तो असतो, आणि तो फुटला की साऱ्या खारीचे नुकसान होते. म्हणून त्याची डागडुजी सर्वांना मिळून करावी लागते. बांध शाबूत राहिला की त्यावरील वाटही आपोआप शाबूत राहते. वाटेची देखभाल हे कोणाचेच स्वतंत्र कर्तव्य नसते, तरी ती सर्वांच्या कष्टांतून होत असते. मिठागराकडे जाणारा आगरी, बाजाराला जाणारी कोळीण, देवीच्या जत्रेला जाणारे कुटुंब, शाळेत जाणारी मुले, ही सर्व माणसे एकाच बांधावरून जात, आणि बांध अरुंद असल्यामुळे समोरून येणाऱ्यास वाट देण्यासाठी थांबावे लागे. थांबणे आले की बोलणे आले. करंजाच्या कोंढरीपाडा, नवापाडा, सुरकीचापाडा अशा पाड्यांची रचनाही याच न्यायाने समजते. एकेक पाडा स्वतंत्र असून त्यांना गाव म्हणून एकत्र बांधणारा धागा आहे तो पाड्यापाड्यांतून जाणाऱ्या पायवाटेचा.

भूमिअभिलेख खात्याच्या गावनकाशात या वाटांची नोंद असते. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविण्याची पद्धत आहे, आणि पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. सव्वाआठ फूट म्हणजे सुमारे अडीच मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या सोयींसाठी २०१२ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नागरी पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ब्रिटिश अमदानीतील मोजणीदाराने खेड्यातील अनवाणी माणसाला जेवढी जागा कागदावर दिली, तेवढी विसाव्या शतकाच्या अखेरीच्या नियोजित नगरास देता आली नाही, आणि १.८ मीटरचे मानही प्रत्यक्षात दुकानांच्या पायऱ्या, विजेच्या पेट्या व उभी केलेली वाहने यांतून किती उरते हे सर्वविदित आहे. अर्थात कागदावरील रुंदी म्हणजे जमिनीवरील रुंदी असे कोणी समजू नये. सव्वाआठ फुटांची वाट शेजारच्या शेतकऱ्याच्या नांगराने दोन फुटांवर आल्याची उदाहरणे महाराष्ट्रात गावोगाव सापडतात, आणि अशा तंट्यांसाठीच १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचा आश्रय घेतला जातो. परंतु तंटा उद्भवतो तो हक्क मान्य असतो म्हणून. 'वहिवाट' हा शब्दच मुळी वाटेवरून आलेला आहे. चालत राहणे हाच हक्काचा पुरावा, असा त्यातील भाव आहे.

आता आराखड्याकडे वळता येईल. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून जो विचार मांडला, त्याचे सार असे की उत्तरेकडे वाढत चाललेल्या मुंबईला खाडीपलीकडे पूर्वेस वळवावे. त्यापूर्वी स. गो. बर्वे यांच्या समितीने ठाण्याच्या खाडीवर पूल सुचविला होता, व १९६६ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने मुंबईबाहेर अनेक केंद्रांचा विकास करावा असे मत दिले. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे सिडको स्थापन झाले. ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या नगरासाठी अधिसूचित झाली. १९७३ मध्ये वाशीचा पूल खुला झाला आणि त्याच वर्षी विकास आराखड्याचा मसुदा आला.

या आराखड्याची पादचाऱ्याविषयीची दृष्टी उपेक्षेची होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नगर एका केंद्राभोवती न वाढता माळेतील मण्यांप्रमाणे अनेक नोडांत वाढावे, प्रत्येक नोडच्या मध्यभागी सार्वजनिक वाहतुकीचे स्थानक असावे, आणि घर, शाळा, बाजार व स्थानक ही चालत जाण्याच्या अंतरावर असावीत, ही कल्पना त्या काळी पुरोगामीच होती. तिच्यामागे क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या शेजारघटकाच्या कल्पनेची छाया स्पष्ट दिसते. शाळेत जाणाऱ्या मुलास हमरस्ता ओलांडावा लागू नये, हे त्या कल्पनेचे एक प्रमुख सूत्र होय. बेलापूर येथील कलाकारग्रामात कोरियांनी हा विचार अधिक सूक्ष्मपणे राबविला. सात घरे सुमारे आठ मीटर लांबीरुंदीच्या एका चौकाभोवती, असे तीन चौक मिळून एकवीस घरांचे एक मोठे अंगण, अशा चढत्या क्रमाने जी रचना तेथे झाली, तीत चालणे हे प्रवासाचे साधन राहत नाही. ते शेजाराचेच एक अंग बनते. नवी मुंबईच्या वास्तुरचनेतील हा भाग उत्तम आहे, आणि त्याची पुनरावृत्ती मोठ्या प्रमाणावर झाली नाही ही खेदाची गोष्ट आहे.

दोष आहे तो दुसरीकडे. आराखड्याने नोडच्या आतील चालणे पाहिले. नोड आणि गाव यांच्यामधील चालणे पाहिले नाही. गावठाण ही आराखड्याच्या दृष्टीने वगळलेली जागा होती. तिच्याभोवती रेषा ओढली गेली, रेषेबाहेरील शेते संपादिली गेली आणि त्या शेतांतून जाणाऱ्या वाटा शेतांबरोबर गेल्या. येथे कायद्याचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा ही राज्याची मालमत्ता होय. कलम २१ प्रमाणे सार्वजनिक उपयोगासाठी आवश्यक न उरलेल्या वाटेवरील लोकांचा हक्क जिल्हाधिकाऱ्यास नोटीस काढून संपुष्टात आणता येतो. शेताला सातबाऱ्यावरील खातेदार असतो. त्याला मोबदला देता येतो, नंतर साडेबारा टक्के विकसित जमीनही देता येते. त्यासाठी लोकांना केवढी किंमत द्यावी लागली हे जानेवारी १९८४ मधील जासई परिसरातील आंदोलन आणि त्यात गोळीबारात पडलेले पाच शेतकरी यांच्या इतिहासावरून कळते. वाटेला मात्र खातेदार नसतो. तिच्यासाठी मोबदला मागणारा कोणी नाही आणि तो देण्याची तरतूदही नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्याने जमिनीचा हिशोब शासनाकडून मागून घेतला. वाटांचा हिशोब मागण्यासारखी परिभाषाच उपलब्ध नव्हती. जे सर्वांचे होते ते कोणाच्याच नुकसानीत धरले गेले नाही.

याचे परिणाम द्रोणागिरी नोडच्या परिसरात प्रकर्षाने दिसतात. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर उरण-पनवेल मार्गाचे रूप पालटले. कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांसाठी जो मार्ग रुंद होत गेला, त्याच्या दोन्ही बाजूंना गावेच होती. एका बाजूच्या पाड्यातील बाईस दुसऱ्या बाजूच्या शाळेपर्यंत किंवा देवळापर्यंत जाण्यासाठी पूर्वी जेवढा वेळ लागे, त्याहून अधिक वेळ आता केवळ रस्ता ओलांडण्यात जातो. आणि हे ओलांडणे जिवावर बेतू शकते हे या मार्गावरील अपघातांनी वारंवार दाखविले आहे. बंदर जगाशी जोडले गेले, हे खरेच. त्याच मार्गाने शेजारची दोन गावे एकमेकांना परकी केली.

कोळिणीचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. मासळी हा नाशवंत माल. होडी धक्क्याला लागल्यापासून पाटी बाजारात उतरेपर्यंतचा प्रत्येक क्षण तिच्या दरातून वजा होत असतो. करंजाच्या धक्क्यावरून म्हावरं घेऊन निघणाऱ्या बाईचा मार्ग म्हणजे तिच्या व्यवसायाचे भांडवलच होय. बाजारात बसून विकण्याबरोबरच घरोघर फिरून विकणे ही तिची जुनी रीत. त्या रीतीमुळे कोणत्या घरी कोण आजारी, कोणाकडे लग्न, कोणत्या वाडीत कोण नवे राहावयास आले, याची बातमी पाड्यातून पेठेत आणि पेठेतून पाड्यात जाई. नवी वसाहत कुंपणाच्या आत असते. दारावर पहारेकरी असतो. पाटीवालीस आत सोडावयाचे की नाही हे गृहनिर्माण संस्थेची समिती ठरविते. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी संमिश्र वस्तीच्या चर्चेत उत्पन्नगट आणि घरांचे आकार यांना जेवढे महत्त्व दिले, तेवढे या दारास दिलेले नाही.

हा दोष केवळ सिडकोचा किंवा केवळ भारताचा म्हणता येणार नाही. परंतु मुंबईस तरी त्याची आगाऊ सूचना मिळालेली होती. पॅट्रिक गेडिस १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते. तत्पूर्वी १९१५ च्या सुमारास त्यांनी मुंबई व मद्रास इलाख्यांतील गावांचे जे अहवाल लिहिले, त्यांतील पद्धत अशी की रचनाकाराने प्रथम गावात पायी हिंडावे, गल्ल्या, विहिरी, झाडे आणि देवळे यांची पाहणी करावी आणि मगच कागदावर रेघ ओढावी. जुन्या गल्लीजाळ्यावर सरळ रुंद रस्ता चालविण्यापेक्षा मोजक्या ठिकाणी मोकळीक करून तेच जाळे चालते ठेवणे, यास ते जपणूक करणारी शस्त्रक्रिया म्हणत. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील नगरांसंबंधी पदपथाचा जो कैवार घेतला, त्याचे पुष्कळसे मर्म गेडिस यांच्या या अहवालांत आधीच आलेले आहे. १९७० चे रचनाकार गेडिस यांच्याविषयी अनभिज्ञ होते असे संभवत नाही. त्यांच्यापुढील अडचण प्रमाणाची होती. लाखो लोकांची सोय लावावयाची असताना ९५ गावांच्या तुटक रेषा कोण पाहणार, असे उत्तर ते देऊ शकले असते. या उत्तरात तथ्य आहे. मात्र त्या रेषा शोधाव्या लागणार नव्हत्या. त्या सरकारच्याच नकाशात होत्या.

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावची वाट खरोखरच सर्वांची होती काय? कोलाबा जिल्ह्याच्याच दक्षिणेस, महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो समुदाय रांगेने चालत चवदार तळ्यावर गेला, त्याच्या त्या चालण्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे. पाण्याचा हक्क सिद्ध करण्यासाठी आधी गावातून उघडपणे चालत जाणे भाग होते. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी व स्नानघाट यांच्या जोडीस रस्त्यांचाही उल्लेख आहे, तो उगाच नाही. पाऊलवाटेचे गोडवे गाणारे लेखन हा इतिहास सहसा विसरते. नियोजित नगरातील क्रमांकाच्या रस्त्यावर चालणाऱ्यास त्याची जात कोणी विचारत नाही, हा त्या रस्त्याचा मोठा गुण आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

त्याचप्रमाणे, सोबत चालले म्हणजे मने जुळतातच, हा समजही तपासून घेण्याजोगा आहे. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवर लिहिलेल्या 'वाटचाल' या लेखात एकाच वाटेने, एकाच भजनाच्या सुरात चालणाऱ्या दिंडीतील माणसे जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे वेगळी होतात, याची खंत नोंदविली आहे. मराठी समाजाच्या चालण्यावर लिहिले गेलेले इतके मार्मिक निरीक्षण दुसरे क्वचितच आढळेल. त्यावरून एवढे निष्पन्न होते की वाट ही संबंधाची संधी देते, संबंधाची हमी देत नाही. परंतु या आक्षेपाने आराखड्याची बाजू बळकट होत नाही. संधीच काढून घेतली तर हमीचा प्रश्नच उरत नाही. महाडच्या समुदायास चालण्यास रस्ता तरी होता. तो अडविणाऱ्यांशी झगडता आले. जेथे रस्ताच पुसला जातो तेथे झगडा कोणाशी करावयाचा?

करंजाची एक वाट अशी आहे की जी कोणत्याही गावनकाशात तुटक रेषेने दाखविलेली नाही. ती पाण्यावरून जाते. करंजा ते रेवस ही धरमतर खाडीवरील तर जुनी आहे. शिडाच्या होडीच्या जागी लाँच आली एवढाच फरक. अवघ्या काही मिनिटांत उरण तालुक्यातून अलिबाग तालुक्यात जाता येते. जमिनीवरून जावयाचे तर पेण-वडखळमार्गे मोठा वळसा पडतो. खाडीच्या दोन्ही काठांवर आगरी-कोळी वस्ती आहे. सोयरीक, व्यापार, देवदर्शन यांचे धागे तरीवरून ये-जा करतात. पादचाऱ्याच्या दृष्टीने तर ही वाटेचाच ओला भाग होय. रेवसच्या बाजूस गाळ साचल्यामुळे ओहोटीला लाँच खोळंबते आणि उतारूंना ताटकळावे लागते. मराठीत 'वाट पाहणे' हा प्रयोग कसा रूढ झाला असेल याची कल्पना रेवसच्या धक्क्यावर सहज येते. नगररचनेच्या ग्रंथांत तरीला स्थान असते ते वाहतुकीच्या प्रकरणात. वस्तुतः तिची चर्चा शेजाराच्या प्रकरणात व्हावयास हवी.

अलीकडील काळात करंजाच्या भोवती तीन मोठे दुवे उभे राहिले किंवा राहत आहेत. नेरूळ-बेलापूरकडून येणारा लोहमार्ग नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत खुला झाला. त्यावरील स्थानकांना बोकडविरा, नवघर, धुतूम अशी गावांची नावे द्यावीत, ही ग्रामस्थांची मागणी अनेकांना भावनिक वाटली. तथापि पायी येणाऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ व्यावहारिक आहे: स्थानक कोणाच्या दाराशी आहे हे त्याच्या नावावरून कळले पाहिजे. त्याच दिवशी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतु खुला झाला. २१.८ किलोमीटर लांबीचा हा सेतु उरण तालुक्यातील चिर्ले येथे उतरतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो निःसंशय अभिमानास्पद आहे. त्यावर पादचाऱ्यास प्रवेश नाही, दुचाकीस नाही आणि रिक्षासही नाही. सागरी महामार्गाची वेगमर्यादा पाहता हा नियम समंजस म्हणावा लागेल. मात्र ज्या तालुक्यात तो उतरतो तेथील बहुसंख्य कुटुंबांचे वाहन दुचाकी हेच आहे, हे विसरून त्याला त्या तालुक्याचा दुवा म्हणणे हे भाषेचे औदार्य होय.

तिसरा दुवा अद्याप पूर्णत्वास जावयाचा आहे, आणि म्हणूनच त्याची चर्चा निष्फळ नाही. रेवस-करंजा पुलाची कल्पना बॅ. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून, म्हणजे १९८० च्या दशकाच्या आरंभापासून, बोलली जात आहे. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचा भाग म्हणून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने आता तिला हात घातला आहे. पूल झाल्यावर तर टिकेल काय, हा प्रश्न गौण नाही. मोटारींचे उतारू पुलाकडे वळले की लाँचच्या फेऱ्या परवडेनाशा होतात, आणि ज्याच्यापाशी मोटार नाही त्याच्यासाठी पूल असूनही खाडी पूर्वीपेक्षा रुंद होते. पुलास दोन्ही बाजूंनी अडीच मीटरचा पदपथ असावा, तो करंजाच्या पाड्यांतील वाटेशी आणि रेवसच्या धक्क्याशी पायऱ्यांनी व उताराने जुळावा, आणि पाटी घेऊन जाणाऱ्या बाईस महामार्ग ओलांडावा लागू नये, एवढ्या तीन गोष्टी छेदचित्रात आणण्यास खर्चाच्या मानाने फारसे काही लागणार नाही. त्यासाठी पुलाच्या आराखड्याशेजारी चाणजे ग्रामपंचायतीच्या हद्दीचा गावनकाशा ठेवून पाहावा लागेल. ती दोन कागदपत्रे तूर्त दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत आहेत.